कौतुक पचवलेला पिस्टन

टू-स्ट्रोक इंजिनाचा नवा पिस्टन उष्णतेनं जेवढा वाढतो, त्याहून जास्त कौतुकानं वाढतो. कासारमाळ भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे नव्यानं इंजिन भरलेली स्कूटर घाट चढत असली, की मागं बसलेली बाई कितीही खूश असली तरी तोंड मिटून बसते. तिनं चुकून "काय झकास चाललीय हो" म्हटलं, की पुढच्याच वळणावर पिस्टन अंग धरतो, सिलिंडरला घट्ट चिकटतो आणि मागचं चाक जागच्या जागी अडकतं. मग नवरा गाडी ढकलतो, बायको पिशव्या घेऊन मागून चालते आणि घाटमाथा येईपर्यंत दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

डिझेल इंजिनाला हा त्रास नाही. डिझेलचा पिस्टन जन्मजात निबर. त्याला शिव्या घातल्या काय आणि ओवाळलं काय, सारखंच. फोर-स्ट्रोकचा पिस्टन एका फेरीआड ऐकतो, त्यामुळे निम्मं कौतुक त्याच्या डोक्यावरून जातं आणि उरलेल्या निम्म्यावर त्याचं भागतं. टू-स्ट्रोकचा मात्र दर फेरीला ऐकतो. त्यात तो अंगानं हलका, आणि नवा असताना जगाचा काडीचा अनुभव नसलेला. कौतुक कुणाचं चाललंय हेही त्याला कळत नाही. जवळपास कुणालाही कुणी चांगलं म्हटलं, की त्याला वाटतं आपल्यालाच म्हटलं.

असा पिस्टन इंजिनात बसवण्याआधी तयार करावा लागतो, आणि ते काम तारामती खवरेइतकं चांगलं कुणाला येत नाही, असं तारामती खवरे स्वतःच सांगायची. दुसरं कुणी तसं म्हणायला लागलं, तर त्याला मात्र हात वर करून गप्प करायची. जवळ एखादा पिस्टन उघड्यावर ठेवलेला असायचाच.

तारामती मौत का कुआँची मेकॅनिक होती. विहीर नवऱ्याची, शिवदासची. लाकडी फळ्यांची, दोन मजली घराएवढी उंच. जत्रा बदलली की फळ्या सुटायच्या, ट्रकमध्ये पडायच्या आणि पुढच्या गावी पुन्हा उभ्या राहायच्या. लोक जिन्यानं वर चढून काठावर उभे राहायचे आणि आत वाकून बघायचे. आत त्यांची लेक वैजयंता मोटारसायकल भिंतीवर चढवायची आणि फिरत फिरत काठापर्यंत यायची, एवढी जवळ, की पुढं उभ्या माणसांच्या शर्टाला वारा लागायचा.

मागच्या हंगामात अशीच काठाशी असताना पिस्टन अडकला. चाक थांबलं, गाडी भिंतीवरून सुटली आणि वैजयंता तळाला आली. पाय मोडला. टाळ्या वाजवणाऱ्या लोकांना आधी तो खेळाचाच भाग वाटला, त्यामुळे त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

आता पाय जुळला होता. चराचरा ओरखडलेल्या सिलिंडरला शहरातून नवी बोअर मारून आणली होती आणि त्या मापाचा नवा पिस्टन तारामतीच्या तंबूत, धुतलेल्या मलमलीवर बसला होता. कासारमाळच्या जत्रेच्या मुख्य दिवशी वैजयंता पुन्हा चढणार होती. ती चढणार यात कुणालाच शंका नव्हती. पिस्टन टिकला तर ती वाजतगाजत खाली येणार होती आणि नाही टिकला तर मागच्यासारखी.

पिस्टनच्या शरीराची तयारी सोपी असते. तारामतीनं तो पेट्रोलनं धुतला, त्याच्या अंगातल्या खिडक्यांच्या, म्हणजे भोकांच्या, धारदार कडा बारीक पॉलिश पेपरनं घासून गोल केल्या, रिंगा आधी नुसत्याच सिलिंडरमध्ये सरकवून त्यांच्या टोकांमधली फट तपासली. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात सगळीकडून केसभर जागा राहते, हे तिनं स्वतःच्या डोक्यातला एक पांढरा केस उपटून बघितलं. तिचा मायक्रोमीटर चांगला होता, तरी केस ती घ्यायचीच.

मनाची तयारी वेळ खाते. आधी हलकं कौतुक द्यायचं, तेही परक्या माणसाचं. चहाच्या गाड्यावर ती पिस्टन फडक्यात धरून उभी राहायची आणि चहा पिणारा कुणीतरी सहज म्हणायचा, "बरा दिसतोय की." तारामती लगेच मायक्रोमीटर लावायची. पिस्टन वाढलेला असायचा. मग तो निवेपर्यंत थांबायचं, आणि पुढच्या माणसाकडं जायचं. बांगडीवालीनं त्याला ठेवणीतला म्हटलं. कुस्तीच्या आखाड्यातल्या वस्तादांनी पाठीवर थाप मारल्यासारखी त्याच्यावर थाप मारली. बक्षीस समारंभात हेडमास्तरांनी पहिल्या आलेल्या मुलीचं कौतुक केलं, तेव्हा तारामती पिस्टन घेऊन पहिल्या रांगेत होती. निवडणुकीच्या एका उमेदवारानं तर पिस्टनला तालुक्याचा अभिमान म्हटलं. त्या दिवशी तो इतका वाढला, की तारामतीला रात्रभर त्याला ओल्या फडक्यात ठेवावं लागलं. पण हळूहळू त्याला सवय झाली. माणसांनी त्याच्याभोवती उभं राहून टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या, तरी तो मलमलीवर नुसता बसून राहायला लागला. मायक्रोमीटरचा काटा जागचा हलेना.

शिवदासच्या कौतुकाचा मात्र त्याच्यावर पहिल्या दिवसापासूनच काही परिणाम नव्हता. शिवदास खेळाचा निवेदक. माईक हातात आला की समोरचा खांबसुद्धा त्याला शूरवीर दिसायचा. सकाळी भाकरी, दुपारी ऊन, संध्याकाळी गर्दी, सगळंच त्याला एक नंबर वाटायचं. पिस्टनला मनापासूनचं कौतुक लागू होतं, वरवरचं नाही. शिवदासचं मनापासूनचं होतं की वरवरचं, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही तारामतीला सांगता आलं नसतं. पिस्टननं मात्र पहिल्याच दिवशी निकाल लावला होता.

आणि तारामती स्वतः कौतुक करतच नव्हती. धंद्याचं वळणच तसं. दिवसभर नव्या पिस्टनांच्या संगतीत बसायचं, तर जिभेला लगाम हवा. घरातली भाजी चांगली झाली की ती दुसऱ्यांदा वाढून घ्यायची आणि बोलायची नाही. वैजयंता लहानपणी पहिल्यांदा एकटी भिंतीवर चढून काठ गाठून खाली आली, तेव्हा विहिरीभोवतीचे सगळे नाचले होते. तारामतीनं आत उतरून गाडीची साखळी बोटानं दाबून बघितली होती आणि म्हणाली होती, "साखळी ढिली झालीया."

मुख्य दिवसाच्या आदल्या दुपारी यात्रेतल्या खेळांची तपासणी करणारे निरीक्षक धुमाळे आले. त्यांची स्वतःची स्कूटर टू-स्ट्रोक होती. ती त्यांनी जत्रेच्या पार बाहेर, बैलबाजारापलीकडे लावली होती आणि तिथून चालत आले होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना एवढं कळलं होतं, की जत्रेत लोक काहीही बोलतात.

धुमाळ्यांनी फळ्या ठोकून पाहिल्या, लोखंडी दोर ओढून पाहिले आणि तंबूत येऊन अवजारांच्या पेटीवर बसले. समोर मलमलीवर पिस्टन. बाजूला तारामती, आणि खाटेवर एक पाय लांब करून वैजयंता.

"पिस्टनला परक्यांचं कौतुक ऐकवलंय?" धुमाळ्यांनी विचारलं.

"ऐकवलंय सायेब. पोटभर."

"ओळखीच्यांचं?"

"तेबी."

"सार्वजनिक स्वरूपाचं? भाषण, सत्कार, वगैरे?"

"उमेदवार झाले, हेडमास्तर झाले. पैलवानबी झाले. आता वाजंत्री आणा नायतर हत्ती आणा, ह्यो पठ्ठ्या हलायचा न्हाई."

"घरच्यांचं?"

"आमचे हे करत्यातच की. उठता बसता."

धुमाळ्यांनी मान हलवली. "निवेदकाचं कौतुक खातं धरत नाही. तुमचं ऐकवलंय का?"

"म्या करत न्हाई," तारामती म्हणाली. ही गोष्ट ती नेहमी छाती पुढं काढून सांगायची, तशीच सांगितली.

"म्हणूनच विचारतो. ज्याचं कौतुक सहसा मिळत नाही, त्याचा परिणाम सर्वांत जास्त, हा खात्याचा अनुभव आहे. पिस्टननं दुर्मिळ कौतुक पचवलेलं नसेल, तर मला मंजुरी देता येणार नाही."

"पर म्या करतच न्हाई म्हणल्यावर त्यो ऐकंल कुठनं? तोंड माझं हाय. म्या मिटलं, विषय मिटला."

"एकदा केलंयस," वैजयंता खाटेवरून म्हणाली.

तारामतीनं वळून पाहिलं.

"पडले त्या दिवशी," वैजयंता म्हणाली. आवाज अगदी सरळ होता, जेवायला वाढ म्हटल्यासारखा. "म्या काठाला आले, तू तितंच वर उभी हुतीस, दोराला धरून. म्हणलीस, 'अगं बया, काय चालवतीया पोरगी.' हळूच म्हणलीस. म्या ऐकलं. पिस्टननंबी ऐकलं."

"त्येल खराब हुतं त्या दिवशी," तारामती म्हणाली. "म्या तवाच म्हणले हुते."

"त्येल चांगलं हुतं, आये."

त्या दिवसानंतर, गाडी दुसरं कुणी चालवत असलं तरी, तारामती खेळ चालू असताना काठावर चढली नव्हती. विहिरीच्या खाली, फळ्यांच्या मागं बसून ती नुसता आवाज ऐकायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, मेकॅनिकचं काम कानाचं असतं. धुमाळे पेटीवर बसून दोघींकडं बघत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"मनुष्याच्या तोंडाला कुलूप नसतं," ते म्हणाले. "तुम्ही खाली बसाल, पण मनात आलं तर कधीतरी वर चढालच. मंजुरी पिस्टनला द्यायची आहे, तुमच्या संयमाला नाही. आता सुरुवात करा. मी थांबतो."

वैजयंता खाटेवरून उठली आणि तिनं पिस्टन तळहातावर घेतला. दुसऱ्या हातात रिकामा सिलिंडर धरला. तारामतीनं मायक्रोमीटर उचलला आणि घसा साफ केला.

"चांगला हायेस," ती पिस्टनला म्हणाली.

काटा हलला नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये अलगद शिरला आणि अलगद बाहेर आला.

"हे मनातलं नाही," धुमाळे म्हणाले. "पिस्टनबद्दल तुम्हाला तसं काही वाटत नाही. मागच्या वेळी कशाबद्दल बोलला होतात?"

"हिच्या चालवण्याबद्दल."

"मग त्याबद्दल बोला."

तारामतीनं लेकीकडं पाहिलं नाही. ती मायक्रोमीटरच्या आकड्यांकडं बघत, फाटक्या तंबूची तक्रार सांगावी तशी म्हणाली, "भिताडावर चढताना ही गाडीला ओरबाडत न्हाई. हातानं सांगती आन् गाडी ऐकती. असं हिच्या बापालाबी कधी जमलं न्हाई."

वैजयंतेनं पिस्टन सिलिंडरच्या तोंडाशी नेला. तो आत जाईना. तिनं जरा दाबला, तरी नाही. उमेदवाराच्या भाषणानंतर झाला होता त्याच्या दुप्पट तो वाढला होता. तिघांनी मायक्रोमीटरवर वाकून बघितलं. धुमाळ्यांनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "हे घेऊन पोरगी उद्या वर गेली असती," ते म्हणाले. तारामतीचा चेहरा तेवढ्यापुरता उतरला, मग तिनं पदर खोचला.

"निवू दे," ती म्हणाली. "मग परत."

पिस्टन निवला. तारामतीनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, शब्द न शब्द. या वेळी काटा हललासुद्धा नाही.

"पचलं," वैजयंता म्हणाली.

"शिळं झालं," धुमाळे म्हणाले. "शिळं कौतुक लागत नाही. नवीन हवं. आणि खरं."

तारामतीनं त्यांच्याकडं असं पाहिलं, की साध्या माणसानं उठून पळ काढला असता. धुमाळे सरकारी माणूस होते, ते बसून राहिले. मग ती बोलायला लागली. आधी तासाभरानं एक, मग जरा लवकर लवकर. वर गेल्यावर वैजी बघते लोकांकडं, पण कान इंजिनाकडं असतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आपसूक आलं. पिस्टन वाढला, पण आधीपेक्षा कमी. पडल्यावर मोडक्या पायानं पालथी पडून पोरीनं पहिल्यांदा पेट्रोलचा कॉक बंद केला आणि मग ओरडली. पिस्टन वाढला, सिलिंडरच्या तोंडात अर्धा जाऊन अडकला.

"आये," वैजयंतेनं मधेच विचारलं, "माणूस वाढत न्हाई का गं कौतुकानं?"

"माणसात फट जास्त ठेवलीया," तारामती म्हणाली. "कितीबी वाढला तरी चिकटत न्हाई."

"मग मला का न्हाई केलंस कधी?"

तारामतीनं मायक्रोमीटरचा स्क्रू उगाचच फिरवला. "सवं लागली बघ. दिसभर ह्येंच्यात बसायचं. एखादा शबुद तोंडातनं निसटला तर कुणाचा तरी पाय मोडायचा, ही धास्ती. घरी आले तरी जिभंची गाठ सुटायची न्हाई." मग ती जरा थांबली. "माझंच चुकलं. घरात पिस्टन नव्हता, तवा बोलाय पायजे हुतं."

पिस्टन आत गेला आणि अडकला. यात कौतुक कुठं होतं हे धुमाळ्यांना समजलं नाही, पण मोजमाप मोजमाप असतं.

उन्हं कलली. बाहेर पाळण्यांवर पोरं किंचाळत होती आणि शिवदास कर्ण्यातून उद्याच्या खेळाची हाळी देत होता. तंबूत तारामती आता लेकीकडं बघून बोलत होती, आणि तिला थांबवावं लागत होतं, कारण मागचं निवायच्या आत पुढचं यायचं. वादळात तंबू उडाला त्या वर्षी पोरीनं स्वतःचं अंथरूण सोडलं आणि आईची पाने-पकडी ठेवायची पेटी पोटाशी धरून रात्रभर बसली. कुठल्याही गावात चार दिवस राहिली, तरी जाताना तिला निरोप द्यायला म्हाताऱ्या बाया येतात. ती गाते वाईट, पण गाडी चालवताना गाते हे चांगलं करते, कारण गाणं थांबलं की न बघताही आईला कळतं की आता ती खाली यायला लागली.

"तुला ऐकू येतं व्हय?" वैजयंता म्हणाली. "इंजिनात?"

"मला सगळं ऐकू येतं."

"पलास्तर काढलं त्या दिवशी," तारामती पुढं म्हणाली, "डॉक्टरांनी हिला काठी दिली. हिनं ती दवाखान्याच्या दाराला टेकवून ठेवली, आन् लंगडत लंगडत ट्रककडं निघाली. मागं वळूनसुदीक बघितलं न्हाई. म्या रडले. हिनं इचारलं काय झालं, तर म्या म्हणले, डोळ्यात ग्रीस गेलं."

धुमाळे तंबूच्या दाराकडं तोंड करून बसले होते. वैजयंतेनं डोळे मनगटानं पुसले आणि पिस्टन सिलिंडरमध्ये सोडला. तो गेला. जरा रखडत गेला, पण गेला.

"अजून एक," धुमाळे तिकडंच बघत म्हणाले. "मोठ्यात मोठं."

तारामतीनं मायक्रोमीटर खाली ठेवला. तिनं लेकीच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. हाताला तेल होतं, ते वैजयंतेच्या शर्टाला लागलं.

"माझ्यात जे न्हाई ते तुझ्यात हाय," ती म्हणाली. "आन् ते बघायला मला आवडतं. लई आवडतं."

वैजयंतेनं पिस्टन उचलला. तिनं दोनदा नेम धरला. पिस्टन आत शिरला, तळापर्यंत गेला आणि परत आला. केसभर जागा सगळीकडून. तारामतीनं डोक्यातला केस उपटला आणि बघितलं, मग मायक्रोमीटर लावला. काटा जागचा हलला नव्हता.

"पचलं," ती म्हणाली.

धुमाळ्यांनी खिशातून छोटी हातोडी आणि शिक्का काढला आणि सिलिंडरच्या बाहेरच्या एका पात्यावर ठोकला. त्यांनी दोघींना नमस्कार केला. वैजयंतेचा खेळ उत्तम असतो असं ऐकलंय, असं ते म्हणणार होते, पण सवयीनं म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारामतीनं इंजिन भरलं. पिस्टनला तेल लावलं, वरचा बाण सायलेन्सरकडं केला, पिन घातली, दोन्ही बाजूंची लॉकं बसली की नाही हे नखानं चाचपलं. रिंगा बोटांनी दाबून सिलिंडर वरून सोडला. तो आवाज न करता खाली बसला. पहिल्याच किकला इंजिन सुरू झालं. तिनं हात पुसले आणि वैजयंतेला म्हणाली, "घे. आता देवानं जरी सोताच्या तोंडानं शाबासकी दिली, तरी ह्यो थांबायचा न्हाई." तारामतीचा आत्मविश्वास नेहमी असाच असायचा, आणि आजपर्यंत तो फक्त एकदाच चुकला होता.

दुपारच्या खेळाला जत्रा लोटली. शिवदास काठावरच्या फळीवर माईक घेऊन उभा होता. त्याचा माईक विहिरीमागच्या लहान जनरेटरवर चालायचा आणि चार दिशांना लावलेले चार कर्णे सगळ्या मैदानाला त्याचा आवाज पोचवायचे. खाली वैजयंतेनं गाडीला किक मारली, तेव्हा शिवदासला जिन्यावर ओळखीची पावलं ऐकू आली. मागच्या हंगामानंतर पहिल्यांदाच तारामती वर आली होती.

"अगं, तू वर?" तो म्हणाला, आणि माईक हातातच असल्यानं हे सगळ्या जत्रेनं ऐकलं.

"बघायला आले," तारामती म्हणाली. "परवानगी हाय माझ्याकडं."

वैजयंता भिंतीवर चढली. आधी खालच्या उतारावर, मग मधल्या फळ्यांवर. फळ्या ओळीनं धडधडत गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, इंजिन तसंच. शिट्ट्या सुरू झाल्या, इंजिन तसंच. ती काठापर्यंत आली, पुढच्या रांगेतल्या माणसांचे शर्ट उडाले. ती गात होती. मग तिनं दोन्ही हात सोडले आणि तशीच, हात पसरून, आईसमोरून गेली.

शिवदास अशा वेळी नेहमी माईक विहिरीकडं धरायचा, म्हणजे बाहेरच्या लोकांनाही कर्ण्यातून इंजिनाचा आवाज ऐकू यावा आणि त्यांनी तिकिटं काढावीत. त्या दिवशीही धरला. माईक आणि विहीर यांच्यामध्ये तारामती वाकली होती. तिचं तिकडं लक्षच नव्हतं.

"अगं माझी वाघीण!" ती ओरडली. "तुझ्यासारखी गाडी म्या जल्मात कुणाला चालवताना बघितली न्हाई गं! माझी लेक हाय ती! माझी!"

चारही कर्ण्यांनी हे सगळ्या जत्रेला सांगितलं.

विहिरीमागचा जनरेटर सगळ्यात आधी अडकला आणि कर्णे बंद पडले, पण तोवर शब्द पोचले होते. आइस्क्रीमवाल्याचा जनरेटर थांबला. डासांसाठी धूर सोडणारं ग्रामपंचायतीचं मशीन खांद्यावर घेऊन फिरणारा माणूस, मशीन गप्प झाल्यावर, धुरात एकटाच उभा राहिला. दूधवाल्याच्या दोन मोपेडी, हवालदाराची मोटारसायकल, फुगे फुगवायचा पंप, आणि मैदानात होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या टू-स्ट्रोक गाड्या एकापाठोपाठ एक जागच्या जागी घट्ट झाल्या. बैलबाजारापलीकडं धुमाळ्यांनी नुकतीच स्कूटर सुरू केली होती. ती कचकन थांबली. ते खाली उतरले, त्यांनी मोजून बघितलं की कर्ण्यापासून हे अंतर किती भरतं, आणि पुढच्या वर्षी स्कूटर कुठं लावायची हे मनाशी ठरवलं.

पाळण्याचं डिझेल इंजिन चालूच होतं. डिझेलला काही लागू होत नाही. पण सगळीकडं एवढं कसलं सामसूम झालं म्हणून पाळणेवाल्यानं ते स्वतःच्या हातानं बंद केलं आणि कान दिला.

साऱ्या जत्रेत एकच इंजिन वाजत होतं. ते विहिरीत, काठाला लागून, गोल गोल फिरत होतं. त्याचा सूर एकदाही खाली गेला नाही. कासारमाळातल्या लोकांना पिस्टनची जात ठाऊक असल्यामुळे कुणी तोंड उघडलं नाही. सगळे नुसते ऐकत राहिले.

वैजयंता फेऱ्या कमी करत तळाला आली. तिनं कॉक बंद केला, गाडी स्टँडवर लावली आणि मान वर करून काठाकडं पाहिलं. तारामतीनं खाली वाकून साखळीकडं नजर टाकली. साखळी बरोबर होती.

"आये," वैजयंतेनं खालून विचारलं, "काय म्हणलीस? म्या गात हुते, नीट ऐकू आलं न्हाई. परत म्हण की."

शिवदासनं बंद पडलेला माईक उगाच पुढं केला. तारामतीनं तो बाजूला सारला. आता कासारमाळच्या जत्रेत अडकायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून तिनं परत सांगितलं.